तीन बाटल्या

पानशेतच्या वर, जिथे डांबर संपतं
आणि एसटी उलटी वळते,
तिथून पाऊण तासाचा चढ.
हौसाबाई ढेबेंचं वरकस, नाचणीचं,
इतकं कलतं की नुसतं उभं राहिलं
तरी एक गुडघा वाकलेलाच असतो.

तिथे पत्रे रोवून तीन पट्टे आखलेत आम्ही.
पहिला उभा नांगरलेला, उताराच्या धारेनं,
जसा त्यांचा दीर वर्षानुवर्षं नांगरत आला:
आडवं धरलं की खालचा बैल घसरतो, म्हणतो,
आणि ते खोटं नाही.
दुसरा आडवा, तासागणिक पाण्याला अडवत.
तिसऱ्यात नांगरच नाही.
गेल्या सालची धसकटं तशीच,
काठीनं भोक, भोकात रोप.
खत तिन्हींना सारखं,
काट्यावर तोलून, मुठीनं फेकून.
प्रत्येकाच्या पायथ्याशी एक निळं पिंप.

श्रावणातली एक रात्र. नव्वद मिलिमीटर.
सकाळी झाकणं उघडली.
पहिल्यात काकवी.
दुसऱ्यात चहा, दूध जरा जास्त पडलेला.
तिसऱ्यात पाणी,
बाटलीआडून पलीकडची सोंड दिसावी असं.

मी त्या बाटलीचा फोटो काढला, सरांना पाठवायला.
हौसाबाईंनी पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं.
अहो, नका, मी म्हणेपर्यंत
थुंकूनही झालं होतं.
"निवळ हाय," म्हणाल्या,
"म्हंजे गुणाचं हाय, असं न्हाई."
आणि शेळीच्या मागे गेल्या.

मांडीवर बर्फाची पेटी घेऊन स्वारगेटपर्यंत.
कंडक्टरनं विचारलं, मासे का?
मी म्हटलं, माती.
त्यानं तिकीट फाडलं, पुढं काही विचारलं नाही.
खिडकीबाहेर धरण माझ्यासोबत चालत होतं,
मग खडकवासला,
मग कालवा, जलकेंद्र, पाइप,
धनकवडीतला माझ्या मोरीतला नळ.
ते पाणी आणि मी
एकाच बाजूनं पुण्यात शिरतो.

प्रयोगशाळेत स्फुरद असलं की पाणी निळं होतं.
जितकं जास्त, तितकं निळं.
गाळासकट मोजलं तेव्हा
अपेक्षेप्रमाणे काकवीच पहिली.
मग गाळ गाळून उरलेलं घेतलं
आणि तिसरी बाटली
मोराच्या मानेसारखी झाली.

परत कर, सर म्हणाले.
परत केलं.
चंबू बदलला, पाणी बदललं, शेवटी हात बदलले,
जुवेरियानं केलं.
तीच मान.

चिखल निदान तोंड दाखवून जातो.
बांधाला गाळ साचतो, कुणीतरी शिव्या देतं,
पाट्या भरून परत वर टाकतं.
हे मात्र विरघळून गेलं,
मातीचा एक कणही सोबत न घेता,
धसकटांवर पडल्या पडल्या.
आणि खाली शेवाळाला
पाण्याच्या रंगाशी काही देणंघेणं नसतं.

हौसाबाई खिंडीत आल्या की रेंज येते.
सव्वापाचला लागला फोन.
मी आकडे सांगू लागले, त्यांनी मधेच तोडलं.
"वर फेकलंस ना?
दारात फेकलेलं कुणी बी उचलतं.
पोटात घाल तिच्या."
मग वारा, घंटा, आणि फोन गेला.

यंदा तिसऱ्या पट्ट्यात
चार बोटं खोल भोक, चिमूटभर खत,
त्यावर माती, मग रोप.
दिवसभरात माझ्या अडीच ओळी झाल्या,
त्यांच्या अकरा.
दीर बांधावर बसून बघत होता.
संध्याकाळी त्यानंही एक ओळ धरली,
वाकडी,
पण आडवी.

बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून ठेवल्यात,
तारखेची जागा कोरी.

घरी आले, फुलपात्र नळाखाली धरलं.
नितळ. तळावरचं आईचं नाव
अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.
प्यायले.
जरा थांबून.